चर्चेची जागा कोणाच्या नावावर आहे?

वायव्य लंडनमधल्या वेम्बली, केंटन, हॅरो या पट्ट्यातल्या मराठी घरांत चर्चेला विषयांची कमी नाही. व्हिसाचे बदलते नियम, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आयटीतल्या नोकऱ्यांचं काय होणार, महाराष्ट्रातल्या निवडणुका, वेम्बली पार्कला उभे राहिलेले टॉवर, स्टेडियमवर सामना असला की गाडी कुठे लावायची. यातली जवळजवळ सगळी चर्चा व्हॉट्सॲपच्या बंद ग्रुपांत होते, उरलेली फेसबुक आणि एक्सवर. माझं स्पष्ट मत आहे की आपण ती विकेंद्रित जाळ्यांवर न्यायला हवी. म्हणजे मॅस्टोडॉन किंवा लेमीसारख्या ठिकाणी, जिथे सर्व्हर एकमेकांना जोडलेले असतात पण प्रत्येक सर्व्हर वेगळी माणसं चालवतात. आणि तिथे नुसतं खातं उघडून भागणार नाही. ती जागा चालवण्याचा भारही उचलायला हवा. त्यासाठीचे माझे मुद्दे असे.

१. मालक उठला की वस्ती उठते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. याहू ग्रुप्सवर परदेशातल्या मंडळांचा पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्तं, नव्याने आलेल्या कुटुंबांना दिलेले सल्ले असं बरंच साठलेलं होतं. याहूने डिसेंबर २०१९ मध्ये तो मजकूर पुसायला घेतला आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवाच गुंडाळली. ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं त्यांचंच वाचलं. मालक भारतीय असता तर निराळं झालं असतं, असं काहींना वाटतं. कू हे भारतीय ॲप होतं, मराठीतही चालायचं, मंत्र्यांची आणि सरकारी खात्यांची तिथे हजेरी होती. जुलै २०२४ मध्ये तेही बंद पडलं. ट्विटर, म्हणजे आजचं एक्स, बंद पडलं नाही, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये ते एका माणसाने विकत घेतलं आणि ओळखीच्या निळ्या खुणेपासून कोणाचं लेखन कोणाला दिसावं इथपर्यंत सगळं काही महिन्यांत बदललं. वापरणाऱ्यांना कोणी विचारलं नाही, आणि विचारायला हवं असं बंधनही कोणावर नव्हतं.

२. विकेंद्रित जाळं चालतं कसं, हे एकदा नीट समजून घेतलं की त्याची भीती जाते. समजा, माझं खातं लंडनमधल्या एका सर्व्हरवर आहे. माझं लेखन वाचणाऱ्यांपैकी काहीजण पुण्यातल्या सर्व्हरवर आहेत, काही टोरांटोच्या. मी चार ओळी लिहिल्या की माझा सर्व्हर त्या दोन्ही सर्व्हरना त्या पोचत्या करतो. तिथून उत्तर आलं की त्याच वाटेने माझ्याकडे येतं. ई-मेलमध्ये जीमेलवाल्याला याहूवाल्याशी बोलता येतं, तसंच. सर्व्हरांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा नियम म्हणजे ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्याची शिफारस केली. तो कोणाच्या खिशात नाही. कोणीही वापरू शकतो. बीबीसीच्या संशोधन विभागानेही जुलै २०२३ मध्ये स्वतःच्या नावाचा मॅस्टोडॉन सर्व्हर प्रयोग म्हणून सुरू केला होता. मॅस्टोडॉनवर लेखन कालक्रमाने समोर येतं. तुमचा राग जास्त वेळ टिकावा म्हणून कोणी त्याची मांडणी बदलत नाही, कारण त्या रागावर जाहिरात विकायची नसते.

३. भारतीयांनी हे एकदा करून पाहिलं आहे, आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. २०१९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं. कारण होतं ऑगस्ट लँडमेसर यांचं छायाचित्र, नाझी सलाम करणाऱ्या गर्दीत हात बांधून उभ्या राहिलेल्या माणसाचं. निषेध म्हणून त्या नोव्हेंबरमध्ये भारतातली पुष्कळ मंडळी मॅस्टोडॉनवर गेली. काही आठवड्यांत त्यातली बहुतेक परत फिरली. मला वाटतं ती तिथे प्रेक्षक म्हणून गेली होती. तयार गर्दी, तयार भांडण, तयार टाळ्या मिळतील अशी अपेक्षा होती आणि मिळालं रिकामं सभागृह. अशा सभागृहात खुर्च्या आपणच मांडाव्या लागतात. आधी दुसऱ्यांचं वाचायचं, उत्तर द्यायचं, विषयाचे हॅशटॅग देवनागरीत लावायचे, आपल्या लेखनाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवायची म्हणजे मराठी वाचणाऱ्याला ते गाळून घेता येतं. हे कष्ट थोडेच आहेत, पण कोणीतरी ते करावे लागतात. मराठी माणसांना ते जमत नाही असंही नाही. मायबोली १९९६ पासून चालू आहे आणि जगभरातल्या मराठी लिहिणाऱ्यांनीच ती भरली आहे.

४. अफवा. या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे प्रश्न गैरसोयीचा नसून जिवाचा आहे. २८ ऑगस्ट २०२२ ला दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान सामना झाला आणि त्यानंतर लेस्टरमध्ये हिंदू-मुस्लिम तणाव वाढत गेला. एका मुलीला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला, अशी बातमी सप्टेंबरच्या मध्यावर पसरली. असं काही घडलंच नव्हतं, असं पोलिसांनी सांगितलं. तोवर ती हजारोंपर्यंत पोचली होती आणि १७ सप्टेंबरला रस्त्यावर जमाव उतरले. मग २९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली. हल्लेखोर बोटीतून आलेला आश्रयार्थी आहे असं खोटं नावासकट पसरवलं गेलं; प्रत्यक्षात तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. देशभर दंगली उसळल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आता कुठे कुठे हल्ले होणार याची एक यादी टेलिग्रामवरून निघाली आणि वायव्य लंडनमधल्या आपल्या ग्रुपांतून फिरली. बायकांनी एकटं बाहेर पडू नये, दुकानं लवकर बंद करा, अमुक स्टेशन टाळा, असे संदेश त्या यादीच्या खाली जोडले गेले. त्यातले कोणते पोलिसांचे, कोणते कोणाच्या मेहुण्याचे, हे सांगायला काही साधन नव्हतं. प्रत्यक्षात ७ ऑगस्टला संध्याकाळी वॉलथमस्टो आणि नॉर्थ फिंचलीत रस्त्यावर आले ते दंगलखोर नव्हेत, त्यांना अडवायला जमलेले हजारो नागरिक.

विकेंद्रित जाळ्यावर अफवा येत नाहीत असं मी म्हणणार नाही. फरक दुरुस्तीत आहे. व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेला संदेश कुठून निघाला ते कळत नाही आणि मूळ माणसाने चूक मान्य केली तरी ती दुरुस्ती त्याच वाटेने मागे जात नाही. मॅस्टोडॉनवर मी माझं लेखन दुरुस्त केलं, तर ज्यांनी ते पुढे पाठवलं त्या प्रत्येकाला तशी सूचना जाते आणि आधीचा मजकूर काय होता हेही कोणालाही उघडून पाहता येतं. लेखनाला स्वतःचा पत्ता असतो. त्यावर उत्तर देणारा अनोळखी माणूसही असू शकतो, आणि अशा वेळी तोच उपयोगी पडतो. कारण आपल्या ग्रुपातले सगळे एकाच बाजूने घाबरलेले असतात.

५. ‘मग तिथे द्वेष पसरवणारेही स्वतःचा सर्व्हर काढतील’, हा आक्षेप खरा आहे. काढलाही. अमेरिकेतल्या अतिउजव्यांचं गॅब हे ठिकाण जुलै २०१९ मध्ये मॅस्टोडॉनच्या आज्ञावलीवर आलं. ती खुली असल्यामुळे कोणी अडवू शकत नव्हतं. पण शेकडो सर्व्हरच्या चालकांनी आपापल्या ठिकाणी गॅबशी संबंध तोडला आणि ते जाळ्यात असूनही एकटं पडलं. न्यायालय नाही, मंत्र्याचा फोन नाही, कंपनीचं धोरण नाही. प्रत्येक गावाने आपली वेस राखली. देखरेख करणाऱ्याकडे तक्रार आली की त्याला पायऱ्या असतात: एक नोंद काढणं, खात्याचा आवाज मर्यादित करणं, खातं बंद करणं आणि शेवटी अख्ख्या सर्व्हरशी नातं तोडणं. हे निर्णय घेणारा माणूस मराठी जाणणारा आणि इथल्या वस्तीत राहणारा असला, तर जातिवाचक शिवी कोणती आणि मित्रांमधली थट्टा कोणती हे त्याला कळतं. परदेशातल्या कार्यालयात भाषांतराच्या आधारावर निर्णय देणाऱ्याला ते कळत नाही.

६. हे हौशी लोकांचं काम नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी ब्रेंटच्या ग्रंथालयांकडे पाहावं. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्रेंट कौन्सिलने आपल्या बारा ग्रंथालयांपैकी सहा बंद केली. प्रेस्टन, बारहम पार्क, टोकिंगटन ही तर थेट वेम्बलीच्या परिसरातली. रहिवासी न्यायालयात गेले, उच्च न्यायालयात हरले, डिसेंबरमध्ये अपीलही हरले. तरी ते घरी बसले नाहीत. प्रेस्टन आणि बारहमच्या रहिवाशांनी पुस्तकं गोळा केली, पाळ्या लावल्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर ग्रंथालयं पुन्हा उभी केली. त्यांत सगळ्या भाषांची, सगळ्या देशांतून आलेली माणसं होती. आपल्याकडेही ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचं १८९८ मध्ये नागरिकांनीच काढलं. सर्व्हर चालवायला लागणारे गुण तेच आहेत: वर्गणी वेळेवर गोळा करणं, हिशेब उघडा ठेवणं, कोणी पाळी चुकवली तर दुसऱ्याने उभं राहणं. तांत्रिक भाग शिकता येतो. या भागात ते काम पोटापाण्यासाठी रोज करणारी मराठी मुलं-मुली घरोघरी आहेत.

७. कायदा. ब्रिटनचा ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाला आणि बेकायदा मजकुराविषयीची कर्तव्यं १७ मार्च २०२५ पासून लागू झाली. नियामक ऑफकॉम. दंडाची कमाल मर्यादा एक कोटी ऐंशी लाख पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या दहा टक्के, यातली मोठी रक्कम. सेवा लहान आहे म्हणून जोखमीचं लेखी मूल्यमापन चुकत नाही. लंडनच्या सायकलस्वारांचं एलएफजीएसएस हे जुनं ठिकाण या ओझ्यामुळे मार्चमध्ये बंद करत असल्याचं त्याच्या चालकाने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. पुढे ते वाचलं, पण एकट्या माणसाच्या खांद्यावर सगळी जबाबदारी असली की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. मला हा कायदा लहान समुदायांच्या बाबतीत अन्यायाचा वाटतो आणि आपल्या खासदारांना तसं लिहायला हवं. तोवर त्यावरचा उपाय म्हणजे सर्व्हर व्यक्तीच्या नावावर न ठेवता घटना, कार्यकारिणी आणि हिशेबनीस असलेल्या संस्थेच्या नावावर ठेवणं.

८. उणिवाही सांगायला हव्यात. मॅस्टोडॉनवरचे खासगी संदेश कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर ते वाचता येतात. म्हणून घरगुती गोष्टींसाठी व्हॉट्सॲप किंवा सिग्नलच ठीक. सर्व्हर बदलला तर तुमचे वाचक तुमच्यासोबत येतात, जुनं लेखन येत नाही. चालक थकले की सर्व्हर बंद पडतात. लेमीवरचा लेम.ई हा मोठा सर्व्हर जून २०२५ मध्ये याच कारणाने थांबला.

९. प्रस्ताव. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून उभं आहे आणि त्याची वास्तू डॉलिस हिलला, म्हणजे ब्रेंटमध्येच आहे. अशा एखाद्या संस्थेने, किंवा दोन-तीन मंडळांनी मिळून, पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा. सर्व्हरचा खर्च एका दिवाळी कार्यक्रमाच्या हॉलभाड्यापुढे किरकोळ आहे. खरा खर्च माणसांच्या वेळेचा. सोशल.कूप हा मॅस्टोडॉन सर्व्हर २०१७ पासून सहकारी पद्धतीने, सभासदांच्या वर्गणीवर आणि मतदानावर चालतो. त्याचे नियम उघडे आहेत, ते समोर ठेवून आपले लिहिता येतील. साखर कारखान्यांपासून पतपेढ्यांपर्यंत सहकार अंगवळणी पडलेल्या समाजाला हे नवीन नाही. सदस्यत्व फक्त मराठी माणसांपुरतं ठेवू नये. ईलिंग रोडच्या गुजराती दुकानदाराला पार्किंगबद्दल तितकंच बोलायचं आहे. सर्व्हरची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावी, आणि बंद करायची वेळ आलीच तर किमान तीन महिने आधी सूचना द्यावी, हे नियमांतच लिहावं.

देखरेखीला चार माणसं लागतील. चारही इथलीच नकोत. दोन वेम्बलीच्या आसपासची घ्यावीत आणि दोन पुण्या-नाशिककडची, कारण इथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिथे हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार वाजलेले असतात. इथले झोपायला गेले की थोड्याच वेळात तिथले उठतात. निवडणुकीच्या निकालाच्या आणि भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी मात्र चौघांनीही जागं राहायचं.