प्रश्न दयेचा नव्हे, एका तारखेचा

आईबापांनी लहानपणी अमेरिकेत नेलेल्या, तेथेच वाढलेल्या, परंतु वास्तव्याचा परवाना नसलेल्या मुलांविषयी तेथील राज्यकर्ते नेहमी करुणेची भाषा बोलतात. वस्तुतः हा प्रश्न हक्काचा आहे. अशा मुलांना सरकारी शाळेत मोफत शिक्षण नाकारता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. शाळेचे दार उघडले. कामाचे मात्र बंदच राहिले.

२००१ साली प्रथम मांडलेले ‘ड्रीम’ विधेयक २०१० मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले. सिनेटमध्ये आवश्यक ६० ऐवजी ५५ मते पडली आणि ते बारगळले. मग २०१२ साली ओबामा प्रशासनाने ‘डाका’ योजना आणून दोन-दोन वर्षांचे कामाचे परवाने दिले. पण हुकमाने मिळालेले हुकमानेच जाते. २०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ती मोडीत काढण्याचे ठरविले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाचविली, तीही केवळ कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर. २०२१ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने नवे अर्ज मंजूर करण्यास मनाई केली.

यातील अर्थकारण उघड आहे. ज्याचा परवाना दर दोन वर्षांनी संपतो, तो मजुरीसाठी मालकाशी भांडत नाही, संघटनेत यायलाही कचरतो. त्याची भीती शेजारी काम करणाऱ्या नागरिक कामगाराचीही मजुरी खाली ओढते.

उपाय जुन्याच कायद्यात आहे. ठराविक तारखेपूर्वीपासून सलग राहणाऱ्या सद्वर्तनी माणसाला कायम वास्तव्य देण्याची तरतूद तेथे १९२९ पासून आहे. ती तारीख वेळोवेळी पुढे सरकविली गेली. १९८६ मध्ये ती १ जानेवारी १९७२ केली आणि तेथेच गोठली. ती पुढे आणणे एवढेच काम आहे.

आपल्याकडून एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या अभियंत्यांच्या मुलांचाही येथे संबंध येतो. आईबाप ग्रीन कार्डाच्या रांगेत असतानाच मुलगा २१ वर्षांचा होतो आणि त्याचा आश्रित व्हिसा संपतो. ‘आमची मुले कायदेशीर आली, त्यांचे वेगळे पाहा’ असे म्हणण्याचा मोह पालकांना होतो. तो घातक आहे. मेक्सिकन शेतमजुराचे मूल आणि पुण्याच्या अभियंत्याचे मूल, दोघांनीही देश निवडला नव्हता. तारीख पुढे सरकली तर दोघेही एकाच दारातून आत येतील. वेगवेगळ्या सवलती मागितल्या, तर दोघांनाही दारात ताटकळत ठेवणे सरकारला सोपे जाईल.