पदवी आहे, पण सांगता येतं का?

२०२२ च्या अखेरीस गोवंडी, मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली. लहान मुलं दगावली. मी तेव्हा मायक्रोबायोलॉजीच्या एम.एस्सी.ला होतो. खालाने विचारलं, "बेटा, तू तो यहीच पढता ना? फिर बता, टीका दिया तो बुखार क्यों आता?" मी 'अँटिजेन', 'इम्यून रिस्पॉन्स' असे चार शब्द फेकले. ती हसली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. परीक्षेत ज्या उत्तराला मार्क मिळाले असते, ते खालापुढे नापास झालं.

चूक माझी होतीच. पण पाच वर्षांत मला हे शिकवलं कुणी? जिवाणू वाढवायला शिकवलं, स्लाइड रंगवायला शिकवलं, इंग्रजीत सेमिनार द्यायला शिकवलं. आपला विषय शेजारणीला समजावून सांगायला मात्र एकदाही लावलं नाही. उलट, जो सोपं करून सांगतो त्याचा अभ्यास कच्चा, असाच समज. खरं तर 'अँटिजेन' न म्हणता लस समजावायची, तर ती आधी स्वतःला नीट कळावी लागते.

दुसरी सबब ठरलेली: "लोकच अडाणी, त्यातून आपला समाज तर विचारूच नका." हे वाक्य आपल्यातले शिकलेलेही बोलतात. खालाच्या प्रश्नामागे काय होतं, ते मी नंतर विचारलं. ताप आला की बाळ रात्रभर रडतं, सकाळी शिलाईचं काम बुडतं, दिवसाचे पैसे जातात. हा अडाणीपणा नाही, हिशेब आहे. हिशेबाला उत्तर हिशेबानेच द्यायचं: लशीत गोवराचाच विषाणू असतो, पण दुबळा केलेला. त्याच्याशी लढायला शरीर शिकतं, त्यात काही मुलांना थोडे दिवस ताप येतो. खरा गोवर झाला तर न्यूमोनिया होऊ शकतो, मूल जाऊही शकतं. संरक्षण नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजारी पाडू शकतो. म्हणून १०० पैकी किमान ९५ मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात.

सगळं खापर अफवांवर फोडू नका. कोविडच्या काळात नेहमीचं लसीकरणच विस्कळीत झालं होतं, त्याचा जाब सरकारलाच विचारायला हवा. पण जिथे शास्त्र जाणणारा गप्प बसतो, तिथे व्हॉट्सॲपचा फॉरवर्ड बोलतो, हेही तितकंच खरं.

विद्यापीठांना हे जमत नाही असं नाही. उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांनी मूल होत नाही, अशी अफवा पसरली होती. तेव्हा अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द या मोहिमेत उतरली. इमामांनी मशिदींतून आवाहन केलं, मोहल्ल्यातल्याच बायका दारोदार बोलल्या. भारतातल्या नैसर्गिक पोलिओच्या शेवटच्या रुग्णाची नोंद जानेवारी २०११ मधली आहे. लस होतीच. ती सांगणारी, ऐकून घेणारी माणसं मिळाली, तेव्हा ती घराघरांत पोहोचली.

मग आपल्याकडे काय अडलंय? केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये 'अवसर' योजना काढली. पीएच.डी. करणाऱ्यांनी आपलं संशोधन लोकांसाठी लिहावं, चांगल्या लेखाला बक्षीस. छान आहे. पण बक्षीस म्हणजे शिकवणं नव्हे. नव्या शैक्षणिक धोरणात 'कम्युनिटी एंगेजमेंट'चे क्रेडिट आहेत. ते रॅली, सेल्फी आणि फाइलमधल्या अहवालावर का उधळायचे? बी.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या विषयातला एक प्रश्न वस्तीत जाऊन, मराठीत किंवा घरच्या बोलीत समजावून सांगावा. गुण देताना ऐकणाऱ्यांनाही विचारावं: कळलं का?

आणि दोस्तांनो, विद्यापीठ जागं होईपर्यंत थांबू नका. आपल्या घरात शिकलेलं पहिलंच मूल असाल, तर तुम्ही एकटे शिकलेला नाहीत. अम्मीने फी भरली, बहिणीने आपलं शिक्षण मागे ठेवलं. ते शिक्षण त्यांना कळेल अशा भाषेत परत करणं हा उपकार नाही, उधारी आहे. आज रात्री जेवताना सुरुवात करा. आधी त्यांचा प्रश्न पुरता ऐका.