गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा? मग काम कसं होणार?

“मला गडचिरोलीला फेकलं हो!”

हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सापडणार नाही. सिनेमातला मंत्रीसुद्धा अधिकाऱ्याला हीच धमकी देतो. आपण हसतो. पण जो माणूस ‘फेकला’ म्हणून येतो, तो टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाशी कसा वागेल, याचा विचार कोणी करतो का?

मी स्वतःचंच सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी दक्षिण गडचिरोलीतल्या एका कार्यालयात बाबू होतो. बायकोची नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात, पोरगी दोन वर्षांची. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद, फोन बंद. एकदा पोरगी तापाने फणफणलेली आणि तीन दिवस घरची खबर नाही. त्याच दिवशी एक म्हातारा माडिया गृहस्थ वनहक्काचे कागद घेऊन आला. तिसरा हेलपाटा होता त्याचा. मी कागद बघितलेसुद्धा नाही. “पुढच्या आठवड्यात ये” म्हणून ओरडलो. तो काहीच बोलला नाही. हात जोडून “जोहार” म्हणाला अन् निघून गेला.

संध्याकाळी आमचा शिपाई म्हणाला, “साहेब, तो काल सकाळी निघाला होता घरून. पायी.”

माझी अडचण खरी होती. पण त्यात त्याचा काय दोष होता?

आता कोणी म्हणेल, पगार घेता ना, मग घरचं घरी ठेवा. बरोबर आहे. पण माणूस काही डबा नाही, की घरचं झाकण लावून ऑफिसात यायचं. घरी ताटातूट, वर अपमान करणारा साहेब आणि समोरच्याची भाषा कळत नाही, एवढं सगळं असलं की राग निघतो तो सगळ्यात गरीब माणसावर. तो उलट बोलत नाही ना!

शासनाने काहीच केलं नाही असं नाही. 2002 च्या निर्णयाने प्रोत्साहन भत्ता मिळतो, एकस्तर वेतनश्रेणी मिळते. पण भत्त्याने नातं जुळत नाही. आणि बायोमेट्रिकवर हजेरी लागते ती अंगठ्याची, मनाची नाही.

आपल्याच मातीतली उदाहरणं बघा. प्रकाशभाऊ आणि मंदाताई आमटे हेमलकशात राहिले, माडिया शिकले, मग लोक दवाखान्यात यायला लागले. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी लोकांना विचारून दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव दिलं. प्रत्येक कर्मचारी आमटे-बंग होणार नाही, मान्य. पण एक गोष्ट आपण विसरतो. ही दोन्ही जोडपी इथे एकत्र राहिली, एकत्र काम केलं. आपण मात्र नवरा एटापल्लीत, बायको तिसऱ्याच जिल्ह्यात ठेवतो आणि वर म्हणतो, कर्मचारी उर्मट आहेत.

माझं म्हणणं साधं आहे. पती-पत्नी एकत्रीकरणाचे अर्ज धूळ खात ठेवू नका. नवीन माणसाला पहिला महिना माडिया-गोंडी शिकवा, गावात नेऊन फिरवा. शिकवायला आपले स्थानिक शिपाई, आशाताई आहेतच. वर्षानुवर्षं फुकट दुभाषाचं काम करतात बिचारे, त्यांना त्याचा मानही द्या आणि मानधनही. आणि साहेबांचा गोपनीय अहवाल लिहिताना हाताखालच्यांनाही एकदा विचारा.

मला बदलवलं ते नोटिशीने नाही, त्या शिपायाने. रोज डब्याच्या सुट्टीत तो मला चार शब्द शिकवायचा. महिनाभराने तो म्हातारा परत आला, तेव्हा मी आधी खुर्ची दिली आणि मोडक्यातोडक्या माडियात गावाचं नाव विचारलं. माझे उच्चार ऐकून तो खळखळून हसला. काम त्याच दिवशी झालं. पण त्याचा तो तिसरा हेलपाटा काही मी परत देऊ शकलो नाही.

तुमच्यापैकी कोण कोण इथे ‘शिक्षा’ म्हणून आलं आणि मग इथलंच झालं? लिहा खाली. जोहार.