एका दिवसाचे विजापूर

विजापूरचे स्थलदर्शन पूर्वेला सुरू होऊन पश्चिमेला संपते. सोलापूरहून निघालेली गाडी सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर कापून सकाळीच गोल घुमटापाशी थांबते आणि पुढच्या फेरीसाठी तिथेच गाईड ठरतो. हा क्रम रस्त्याच्या सोयीचा, इतिहासाचा नव्हे. जवळजवळ दोनशे वर्षे आदिलशाहीची राजधानी असलेल्या या शहरात पाहुणा आधी मुहम्मद आदिलशहाची कबर पाहतो आणि अगदी शेवटी त्याच्या बापाची.

गोल घुमट सकाळी लवकर पाहिलेला बरा. शाळांच्या सहली आल्या की वरच्या सज्जात आरोळ्यांखेरीज काही ऐकू येत नाही. कोपऱ्यावरच्या सातमजली अष्टकोनी मनोऱ्यातल्या अरुंद जिन्याने चढून गेल्यावर हा सज्जा लागतो. शांतता असेल तर गाईड पलीकडे जाऊन कागद टरकावतो किंवा आगकाडी ओढतो. आवाज इकडे कानाशी झाल्यासारखा येतो. टाळीचे पडसाद तर मोजत बसावेत. या गमतीत बांधकाम मात्र बघायचे राहून जाते. खालच्या चौरस दालनाची बाजू सुमारे ४१ मीटर, आणि मध्ये एकही खांब नाही. भिंतींलगतच्या आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात, चौकोनाचे वर्तुळ करतात आणि सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट पेलतात. दालनात दिसतात त्या कबरींच्या प्रतिकृती. खऱ्या कबरी तळघरात आहेत.

जामा मशिदीत सोनेरी रंगकामाचा मेहराब पाहायचा. फरशीवर नमाजासाठी आखलेले २,२५० चौकोन औरंगजेबाच्या काळातले. अर्क किल्ल्यातल्या गगन महालाची मधली कमान प्रचंड आहे, मागचा महाल पडलेला. १६८६ मध्ये शेवटचा सुलतान सिकंदर औरंगजेबाला शरण आला, तो याच जागी असे सांगतात. जवळच बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशहाने बापाच्या घुमटाला मागे टाकायला घेतलेला हा मकबरा अर्धाच राहिला. चौथऱ्यावर काळ्या दगडाच्या नुसत्या कमानी उभ्या आहेत.

तटाच्या पश्चिम बाजूला शेरझा बुरुजावर मलिक-ए-मैदान तोफ आहे. मराठी पाहुण्यांनी इथे जरा जास्त रेंगाळावे, कारण ही तोफ मूळची विजापूरची नाही. १५४९ मध्ये ती अहमदनगरला ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापुरात आली. वजन सुमारे ५५ टन. पंचधातूच्या तोंडावर जबडा वासलेला सिंह कोरला आहे आणि त्याच्या दातांत हत्ती सापडला आहे. इंग्रजी अमलात १८५४ साली तिचा लिलाव झाला आणि बोली लागली अवघ्या दीडशे रुपयांची! सुदैवाने तो व्यवहार रद्द झाला. शेजारचा उपली बुरूज उंच आहे. पाय शाबूत असतील तर बाहेरच्या गोल पायऱ्यांनी वर चढून सगळे शहर नजरेखाली घालता येते.

शेवटचा मुक्काम तटाबाहेरचा इब्राहिम रोजा. बहुतेक सहली इथे उन्हे उतरताना, दमूनभागून पोहोचतात, आणि हाच या फेरीतला मोठा दोष. गोल घुमटात आकाराचा दरारा आहे, कारागिरी पाहायची ती इथे. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद, मध्ये हौद. मकबऱ्याच्या खिडक्यांना दगडी जाळ्या आहेत आणि त्या जाळ्या अक्षरांच्याच बनलेल्या आहेत. आतून पाहिले की उजेड अक्षरांमधून येतो. ताजमहालाची कल्पना इथूनच निघाली असे गाईड ठासून सांगतात. ते सोडून द्यावे. मकबरा बेगम ताज सुलतानासाठी बांधायला घेतला होता, पण दुसरा इब्राहिम आदिलशहाही इथेच पुरला गेला. संगीताचे वेड असलेल्या या सुलतानाने ‘किताब-ए-नौरस’ रचली आणि तिच्यात सरस्वती व गणपतीलाही आळवले. बांधकामावर देखरेख होती मलिक संदलची. वेळ उरला तर त्यानेच बांधलेली ताज बावडी येताना वाटेत पाहून घ्यावी. ती शहराच्या याच बाजूला आहे.