विश्लेषण : कॅमेरा असतानाही विज्ञानाला चित्रकार का लागतो?

शाळेत विज्ञानाच्या पेपरात ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ असा प्रश्न असतो आणि चित्रकलेच्या तासाला डोंगर, नदी, झाड. आकृती गुणांसाठी, चित्र हौसेसाठी, ही वाटणी तिथेच पक्की होते. तिचा सर्वाधिक फटका बसला तो वनस्पती आणि पशुपक्ष्यांच्या शास्त्रीय चित्रांना. कलेच्या इतिहासाने त्यांना मागच्या बाकावर बसवले आणि विज्ञानाच्या इतिहासातून ती काढणाऱ्यांची नावे गळाली.

छायाचित्र असताना चित्र कशाला?

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांना ठाऊक असते. पण पळस केशरी फुलांनी पेटतो तेव्हा झाडावर बहुधा पानेच नसतात. शेंगा त्यानंतर धरतात. पान, फूल आणि पिकलेली शेंग एकाच छायाचित्रात सहसा सापडत नाहीत. वनस्पती-चित्रकार मात्र ती एकाच कागदावर मांडतो. शेजारी फुलाचा उभा छेद काढतो, पुंकेसर सुटे करतो, बी मोठे करून दाखवतो.

छायाचित्रात एक विशिष्ट झाड दिसते. त्याचे किडीने खाल्लेले पान आणि त्यावर पडलेली सावलीही दिसते. चित्रात जात दिसते. त्यासाठी काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे अनेक नमुने पाहून ठरवावे लागते. म्हणूनच आजही नव्या वनस्पतीचा शोध जाहीर करणाऱ्या अनेक शोधनिबंधांत छायाचित्रांबरोबर रेखाचित्रेही असतात.

चित्र हा पुरावा ठरतो का?

ठरतो. कोचीनचे डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड यांनी मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमहून प्रसिद्ध झाला. इट्टी अच्युतन या स्थानिक वैद्यांचे ज्ञान त्यामागे होते. पुढे लिनियसने अनेक भारतीय वनस्पतींना शास्त्रीय नावे देताना याच ग्रंथातील चित्रांचा आधार घेतला. त्यातील काही नावांसाठी वाळवलेला नमुना नाही, तर छापील चित्रच आजही प्रमाण मानले जाते.

चित्रकार चुकला तर?

१५१५ मध्ये गोव्याहून निघालेला एक गेंडा लिस्बनला पोहोचला. गुजरातच्या सुलतानाकडून तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्ककडे आला होता. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्युररने तो पाहिलाच नाही. आलेले वर्णन आणि कच्चे रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठशासाठी चित्र काढले. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आणि खांद्यावर आणखी एक छोटे शिंग आले. चित्र इतके प्रभावी होते, की दोन शतकांहून अधिक काळ युरोपने गेंडा असाच असतो असे मानले. कसलेला हात निरीक्षणाची उणीव भरून काढू शकत नाही. उलट चूक अधिक खरी वाटायला लावतो. म्हणून शास्त्रीय चित्राची किंमत रेषेइतकीच त्यामागच्या नजरेत असते.

मग ही नजर कोणाची, हे का नोंदले गेले नाही?

कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश एलिजा इम्पे यांच्या पत्नी मेरी इम्पे यांनी १७७७ ते १७८२ या काळात पशुपक्षी आणि वनस्पतींची तीनशेहून अधिक चित्रे काढून घेतली. पाटण्याचे शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास हे त्यांचे चित्रकार. हिमालयातील मोनाल पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आज इम्पे आहेत. चित्रकारांची नावे चित्रांवर लिहिली होती, म्हणून ती निदान उरली. तरीही अशी चित्रे दीर्घकाळ ‘कंपनी शैली’ म्हणूनच, म्हणजे पैसे देणाऱ्याच्या नावाने, ओळखली गेली. लंडनच्या वॉलेस कलेक्शनने २०१९ मध्ये भरवलेल्या प्रदर्शनात या चित्रकारांना नावानिशी पुढे आणले गेले.

पुण्याजवळच्या दापोडीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिथे ब्रिटिशांची वनस्पती बाग होती. मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन यांच्यासाठी १८४७ ते १८५० दरम्यान एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने दीडशेहून अधिक वनस्पतिचित्रे काढली. ती आता एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत आणि त्यांवर २००२ मध्ये ग्रंथही निघाला. वनस्पती ओळखल्या गेल्या, गिब्सन यांचे चरित्र उलगडले. चित्रकाराचे नाव मात्र मिळाले नाही. चित्रातले सगळे नामनिर्देशित, फक्त काढणारा अनाम.

आता काय बदलायला हवे?

नाव लिहिणे ही केवळ सौजन्याची बाब नाही. निरीक्षण कोणी केले हे ठाऊक नसेल, तर पुरावा अपुराच राहतो. त्यामुळे शोधनिबंध, संग्रहालयाची पाटी, निसर्गविषयक मराठी पुस्तके या सगळ्यांत चित्रकाराचे नाव चित्राखालीच असावे. ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत नको.

दुसरा बदल शाळेतला. जास्वंदीचे झाड आवारात असते, तरी विद्यार्थी फुलाची आकृती पुस्तकातून प्रयोगवहीत उतरवतात. ड्युररनेही वेगळे काही केले नव्हते. एक फूल समोर ठेवून, कापून, मोजून काढलेली वाकडीतिकडी आकृती ही सुबक नकलेपेक्षा जास्त विज्ञान शिकवते आणि चित्रकलाही. तिला पूर्ण गुण देण्याची तयारी मात्र शिक्षकांनी आणि परीक्षा मंडळांनी दाखवायला हवी.