सवलत दहावीला, शिकवणे केव्हा?



दहावीचे परीक्षा अर्ज भरण्याचे दिवस आले की अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी पालकांची धावपळ सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ ‘सवलती लाटल्या जातात’ ही तक्रारही डोके वर काढते. तक्रार सर्वस्वी निराधार आहे असे नाही. मात्र सगळा वाद सवलतींभोवती घुटमळत राहिल्याने, ज्या मुलासाठी त्या आहेत त्याला शाळेने आधीची नऊ वर्षे वाचायला कसे शिकवले, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली, दृष्टी आणि श्रवण ठीक, शिकण्याची संधीही मिळालेली, आणि तरीही मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणामुळे वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एखादे कौशल्य हाती येत नाही, अशा स्थितीला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनातील अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातील डिस्ग्राफिया आणि गणनातील डिस्कॅल्क्युलिया. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजीपेक्षा सरळ असल्याने मराठी माध्यमात ही अडचण उद्भवत नाही, असा एक सोयीस्कर समज शिक्षकांतही आढळतो. वस्तुतः ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिली जाते त्याच्या आधी. रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी उच्चारला जातो. आणि घ-ध, भ-म, थ-य यांच्या आकारांतील फरक एखाद्या गाठीचा किंवा रेघेचा असतो. त्यामुळे असे मूल ‘कर्म’ ऐकून ‘क्रम’ लिहिते, ‘घर’ला ‘धर’ वाचते, फळ्यावरचे वाक्य उतरवताना मात्रा आणि अनुस्वार गाळते, आणि त्याच धड्यावरचे प्रश्न तोंडी विचारले तर बिनचूक उत्तरे देते. पहिलीत अशा चुका कोणीही करते, पण तिसरीच्या अखेरीसही त्या तशाच राहिल्या, तर वहीत लाल शाईने ‘अक्षर सुधारा, लक्ष द्या’ एवढा शेरा मारून भागत नाही.

दहावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने 1996 मध्येच घेतला, म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेला देशभर मान्यता देण्याच्या वीस वर्षे आधी. ही गोष्ट राज्याला भूषणावह आहे. परंतु वाढीव वेळ, लेखनिक, गणकयंत्र किंवा बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित या तरतुदी परीक्षेतला अन्याय कमी करतात, वाचायला शिकवत नाहीत. त्याच अधिनियमाचे कलम 16 अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय योजण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर टाकते, आणि केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी प्राथमिक चाचपणीसाठी तिसरीचा वर्ग किंवा वयाची आठ वर्षे हा टप्पा सांगितला होता. एवढे स्पष्ट असूनही, प्रमाणपत्र आल्याशिवाय काही करता येत नाही, अशी शाळांची धारणा असते. ही धारणाच मुळात चुकीची आहे. प्रमाणपत्र सवलतीसाठी लागते. पाच-सहा मुलांचा गट घेऊन रोज अर्धा तास ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड बोलून, ऐकून, हाताने गिरवून क्रमाने पक्की करून घेण्यासाठी कोणत्याही रुग्णालयाच्या शिक्क्याची गरज नाही. तज्ज्ञांकडून तपासणीची सोय मुख्यतः मोठ्या शहरांत असल्याने तालुक्याच्या गावातील मुलाच्या बाबतीत तर ही वाट पाहणे म्हणजे वर्षे वाया घालवणेच ठरते.

राज्याने 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणल्याने हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे, कारण तीत नापास झाल्यावर डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला त्याच वर्गात बसवून त्याच पद्धतीने तेच धडे पुन्हा शिकवल्यास दुसऱ्या वर्षी निराळे काही घडण्याचे कारण नाही. लवकर ओळख पटवल्याने मुलावर शिक्का बसतो, हा आक्षेप चांगल्या हेतूने घेतला जातो. पण ‘आळशी’ आणि ‘ढ’ हे शिक्के तोवर वर्गात बसलेलेच असतात, आणि ते कोणत्याही तपासणीविना बसतात.

राहिला गैरवापराचा मुद्दा. शिक्षण विभागाने तिसरीच्या दुसऱ्या सत्रात वर्गशिक्षकांकडून चाचपणी करून घेतली आणि मुलाच्या लेखनाचे नमुने व त्याला दिलेल्या उपचारात्मक अध्यापनाची नोंद दरवर्षी त्याच्या प्रगतिपुस्तकासोबत पुढे पाठवली, तर दहावीच्या तोंडावर अचानक अवतरणारे प्रमाणपत्र पडताळून पाहणे सोपे होईल. ज्यांची नोंद काही कारणाने राहून गेली त्यांची फेरतपासणी करता येईल, आणि गैरवापर रोखण्यासाठी सवलतींना कात्री लावण्याची गरज पडणार नाही.

– एक वाचक