औषधाचे त्रैराशिक

धाकट्या भावंडाला ताप भरला की घरात काय होते ते आठवून पाहा. फडताळातली पॅरासिटामॉलची बाटली निघते आणि आई विचारते, "मागच्या वेळी किती चमचे दिले होते रे?" खरे तर प्रश्न हवा, "बाळाचे वजन किती?"

या औषधाची एका वेळची मात्रा दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे १२ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १८० मिलिग्रॅम. आता बाटलीवरची बारीक अक्षरे वाचा. एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत २५०. पहिलीतून ७.२ मिलिलिटर होतील, दुसरीतून ३.६. बाटली बदलली आणि माप तेच राहिले, तर मात्रा दुप्पट झाली! असे वरचेवर घडले तर यकृताला इजा होऊ शकते. त्यात घरातले चमचे कुठे एका मापाचे असतात? आंब्यांच्या डझनावर शिकवले जाणारे त्रैराशिक शिक्षकांनी एकदा या बाटलीवर शिकवावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. (मात्रा ठरवायची डॉक्टरांनीच, तुम्ही फक्त ताळा पाहायचा.)

मात्र त्रैराशिकावर फार विसंबूही नका. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२! वजनकाटा आणि मोजपट्टी यांना हा फरक कळलाच नाही. औषधाला तो कळतो. जेंटामायसिन पाण्यात विरघळते, चरबीत फारसे शिरत नाही. म्हणून स्थूल रुग्णाला ते देताना डॉक्टर सगळे वजन हिशेबात धरत नाहीत. नवजात बालकाचे यकृत आणि मूत्रपिंडे तर पुरती तयारही झालेली नसतात. तिथे मोठ्या माणसाच्या मात्रेला नुसते वजनाने भागून कसे चालेल?

तरीही पहिली पायरी वजनाचीच. पुढच्या वेळी भावंडाबरोबर दवाखान्यात गेलात, तर काटा कुठे आहे ते पाहा, आणि वजन चिठ्ठीवर लिहून मागा. औषधाच्या दुकानातून मापाची टोपी आणायलाही विसरू नका.